पडद्यांच्या दुकानातला पहिला स्टाफ

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. धंदा वाढतोय. पुढे कोणी विचारलं की एवढं सगळं कसं उभं केलंत, तर सांगायला काही हाताशी हवं.

वाढतोय म्हणजे काय, डोक्यावरून पाणी चाललंय. चौकातल्या नर्सिंग होमची नवी इमारत तयार होतेय. तिच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे आपल्याकडे. उद्घाटन २४ तारखेला. त्यांनी दिलेला ॲडव्हान्स कापडात गेला, तेव्हा मागे फिरायची सोय नाही. ही ऑर्डर वेळेवर गेली नाही तर दुकानाचं शटर एकदाच ओढायचं, ते कायमचं.

आणि नेमकी आजच बायको डॉक्टरकडे जाऊन आली. खांदा. मशीनवर बसायचं नाही, असं डॉक्टरने निक्षून सांगितलंय म्हणे. असंच रेटलंत तर हात वर जाणार नाही. किती दिवस बसायचं नाही, हे मी लगेच विचारलं. ते तिने डॉक्टरला विचारलंच नव्हतं. मुद्द्याचं तेवढं विचारायचं राहून जातं तिचं.

इतकी वर्षं दुकान मी एकट्याने चालवलं. बायको शिवायची, पण ते घरचंच. आता बाहेरचा माणूस ठेवायचा. पहिला स्टाफ! हा शब्द लिहितानाच पाठ ताठ झाली.

संकल्प : १. उद्यापासून पहाटे उठणे. २. मालकासारखे वागणे. ३. चिडचिड न करणे.

४ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

पहाट हुकली. रात्री विचार फार केला.

दुकानाच्या काचेवर लावायला पुठ्ठा रंगवला. पाहिजे : अनुभवी, हसतमुख, प्रामाणिक, आजारी न पडणारा माणूस. कामं काय काय लिहायची म्हणून बायकोला विचारलं, तू नेमकं काय करतेस. ती सांगायला लागली. कापणं, शिवणं, चुण्या घालणं, कड्या लावणं, इस्त्री, फोन, कुठल्या गिऱ्हाइकाला कधी काय पाहिजे ते लक्षात ठेवणं... मध्येच थांबवावं लागलं. पुठ्ठ्यावर जागा संपली. शेवटी ‘शिवणकाम व किरकोळ’ असं लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल कोणी आलं नाही. एकजण आत आला, पण त्याला शेजारचं औषधांचं दुकान हवं होतं.

आज दोन मुलाखती. पहिला आला तो स्वतःची कात्री मखमली पिशवीत घेऊन. माणूस बेताचा, पण रुबाब असा की मीच उभा राहिलो. विचारतो, माझ्या हाताखाली कोण? म्हटलं, तुमच्या हाताखाली मशीन. त्याने कात्री परत पिशवीत घातली आणि चहा पिऊन गेला.

दुसरा बायकोच्या मावसभावाचा साडू. शिवण येत नाही, पण मोकळा आहे. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ हा प्रश्न मी खास काढून ठेवला होता. उत्तराची वाट बघत होतो तर लक्षात आलं, त्याला डुलकी लागलीय.

घरी आलो तर बायको खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होती. तिला दोन्ही मुलाखती रंगवून सांगितल्या. हसली नाही. आजारपणात माणसं स्वतःतच गुंतून पडतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

फत्ते!

एक बाई आल्या. शर्टांच्या फॅक्टरीत वर्षानुवर्षं कामाला होत्या. फॅक्टरी बंद पडली. तिथे काय करायच्या विचारलं तर म्हणाल्या, कॉलर. आणखी काय? कॉलरच. सगळा जन्म बाईंनी कॉलरी शिवल्या, शर्टाची बाही कशी असते ते पाहिलंही नसेल. पण नमुन्याला एक पडदा शिवायला दिला, तर शिवण अशी सरळ की जणू आखलेली. मनातल्या मनात त्यांचं नाव कॉलरबाई ठेवलं.

मुलाखत मात्र त्यांनीच घेतली म्हणायला हरकत नाही. कामाची वेळ काय? आठवड्याची सुट्टी कधी? ती भरपगारी का? आणि दोघांनी दोन वेगळी कामं सांगितली तर ऐकायचं कोणाचं? म्हटलं, माझं. एकट्याचं. म्हणाल्या, मग हे सगळं लिहून द्या. फॅक्टरीत लिहिलेलं असायचं.

जरा झोंबलं. पण लगेच शेजारच्या औषधवाल्याच्या कॉम्प्युटरवर नियम टाइप करून घेतले. वर ठळक अक्षरात ‘आस्थापनेचे नियम’. आठवड्याची भरपगारी सुट्टी दिली. ‘न घेतलेली सुट्टी जमा होत जाईल’ हेही घातलं. दिसायला उदार दिसतं आणि खर्च काही नाही.

सही करता करता बाईंनी विचारलं, माझ्या आधी हे काम कोण करत होतं? म्हटलं, कोणीच नाही. तुम्ही पहिल्याच.

बायको तेव्हा प्लायवूडच्या पार्टिशनमागे स्वतःचं सामान आवरत होती. बाहेर आली, तिची मोठी कात्री बाईंच्या हातात दिली आणि घरी गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. घाईत असावी.

१० फेब्रुवारी, सोमवार

मालक म्हणून पहिला दिवस. फिरती खुर्ची आणली. ती दुकानात ठेवल्यावर कापडाच्या ताग्यांपर्यंत जायला वाट उरली नाही. कॉलरबाईंना काही हवं असलं की मला उठून, खुर्ची उचलून, रस्त्यावर ठेवावी लागते. व्यायाम होतो.

बाईंना दुकानाची परंपरा समजावून सांगितली. हा टेप वडिलांचा. याच टेपने वडिलांनी अख्ख्या गावाच्या खिडक्या मोजल्या. नर्सिंग होमचीही सगळी मापं मी स्वतः याच टेपने घेतलीत, प्रत्येक खिडकीची वेगळी चिठ्ठी केलीय. टेबलावर ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर मोजून चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच कापायचं, त्यावर एक दोरा जास्त नाही. बायकोला कापड उधळायची खोड होती. कधी बघावं तेव्हा चिठ्ठीपेक्षा जास्तच कापायची. आता तो कारभार बंद.

बाईंनी विचारलं, खालच्या दुमडीचं यातच धरलंय का? म्हटलं, यातच. म्हणाल्या, चिठ्ठीवर तसं लिहा आणि सही करा. प्रत्येक चिठ्ठीवर केली. सह्या करताना मजा आली.

सहज त्याच टेपने कंबर मोजली. लग्नात होती तेवढीच! घरी जाऊन अभिमानाने सांगितलं, तर बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मला बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

बायको म्हणते, कापायच्या आधी चिठ्ठ्या मला एकदा दाखवा. म्हटलं, तू आराम कर, आता स्टाफ आहे. पुन्हा म्हणाली, अहो, एकदाच दाखवा. मग मात्र स्पष्ट सांगितलं की धंद्यात दोन मालक चालत नाहीत. उठून आत गेली. कधी कधी कडक व्हावं लागतं. आतून वाईट वाटलं, पण ते दाखवलं नाही.

फोनचा वैताग. उचलला की पहिला प्रश्न, ताई आहेत का? म्हणतो, मी मालक बोलतोय. म्हणतात, बरं बरं, मग नंतर करतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नाकी नऊ आलेत.

कॉलरबाई कापतात झरझर, शिवतात त्याहून झरझर, पण सहाच्या ठोक्याला मशीनवर कव्हर घालतात आणि चपला घालतात. म्हटलं, अहो बाई, एवढी खिडकी संपवून जा. म्हणाल्या, नियमात सहा लिहिलंय. तो नियम कुठल्या गाढवाने लिहिला, असं तोंडात आलं होतं.

त्या गेल्या की इस्त्री, कड्या, घड्या, सगळं माझ्या गळ्यात. पितळी कड्यांचा डबा सापडेना. बायकोला फोन केला. मशीनच्या उजव्या खणात, म्हणाली. अस्तराला कुठला दोरा? पुन्हा फोन. पिवळं कापड ठेवून गेलेली बाई कोण? पुन्हा फोन. झोपेत असल्यासारखी ती एकेक सांगत होती, तरी एकही चुकलं नाही. शेवटी म्हणाली, आणखी काही विचारायचंय? म्हटलं, नाही, एवढंच. तिने जरा थांबून फोन ठेवला.

इस्त्रीने एक पडदा पिवळा पडला. तो जिन्याच्या खिडकीला लावायचा. जिन्यात कोणी थांबून बघत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज बाईंची सुट्टी. आठ दिवसांवर उद्घाटन आलंय आणि बाई सुट्टीवर. माझाच नियम, बोलतो कोणाला.

म्हटलं, मालक झालो म्हणून काय झालं, मशीनवर आपणही बसू. एका बैठकीत एक पडदा पुरा केला. उठायला गेलो तर पडदाही बरोबर उठला. शर्टाची बाही त्यात शिवली गेली होती. शर्ट काढून, बनियनवर, शटर अर्धं ओढून बसलो. तेवढ्यात औषधवाला सुटे पैसे मागायला आला.

खरं सांगायचं तर, ऑर्डर हुकली तर काय, हा विचार मनात आला की हातातलं काम सुटतं. बायकोशी बोलावं वाटलं. पण तिच्यासमोर घाबरलेलं दिसणं बरं नव्हे, घरातल्या माणसांना आधार वाटायला हवा. ती गरम पाण्याची पिशवी घेऊन पाठ करून झोपली होती. पिशवीमुळे गादी ओली होते, एवढं बोललो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं! शेवटचा पडदा संपला. ताग्यांच्या जागी घड्या केलेल्या पडद्यांची भिंत उभी आहे. वर कापडही उरलं. बायको असती तर वीतभरही उरलं नसतं. कॉलरबाईंना म्हटलं, बघा, शिस्त. त्या म्हणाल्या, चिठ्ठीप्रमाणे झालंय.

उद्या पडदे लावायचे. नर्सिंग होमच्या मेट्रनबाई कडक आहेत, पण काम बघून त्यांच्या तोंडून कौतुक निघाल्याशिवाय राहणार नाही. काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवलंय : सगळं टीमचं श्रेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी

पहिला पडदा लावला. चार बोटं आखूड.

खिडकी मोठी असेल म्हणून पुढची घेतली. चार बोटं आखूड. त्याच्या पुढची. तीच गत. तोंडचं पाणी पळालं. तळमजल्यापासून वरपर्यंत एकेक खिडकी बघितली. प्रत्येक पडद्याखाली फट, आणि फटीतून ऊन.

मेट्रनबाईंना म्हटलं, हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम तशी रचना आहे. त्या मला रस्त्यावर घेऊन गेल्या. तळमजल्याच्या खोलीत एक नर्स खाटेवर झोपून बघत होती. रस्त्यावरून तिचं तोंड स्वच्छ दिसत होतं. तिने आमच्याकडे बघून हातही हलवला. मेट्रनबाई म्हणाल्या, सोमवारी सकाळी इथे पेशंट असतील. पडदे नीट करा, नाहीतर उतरवा आणि ॲडव्हान्स परत आणा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कापड आटलं असेल, म्हटलं. कॉलरबाई म्हणाल्या, धुतलंच नाही तर आटेल कसं? इमारत खचली असेल. यावर त्यांनी माझ्या सहीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेवढा टेबलावर ठेवला आणि तिथल्या लोखंडी पट्टीवर पडदे मोजून दाखवले. बरोब्बर.

मग समोरच्या काचवाल्याचा पोलादी टेप आणला आणि वडिलांच्या टेपाशेजारी धरला. वडिलांचा टेप ओढून ओढून ताणला गेलाय. आकडे एकमेकांपासून लांब गेलेत. खिडकी मोठी असली तरी टेप कमीच सांगणार. म्हणजे इतकी वर्षं घेतलेलं प्रत्येक माप आखूडच.

माझी कंबरही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बायकोला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण नाक मुठीत धरून सांगावं लागलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, मी चिठ्ठीवर चार बोटं नेहमी वाढवून कापायचे. केव्हापासून? पहिल्यापासून. मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, वडिलांचा टेप म्हणून इतक्या कौतुकाने काढायचात. तुमचं मन मोडवेना.

मी कप तसाच खाली ठेवला. चहा फार गरम होता.

मग ती चपला घालून निघालीच. दुकानात यायचा निरोप कॉलरबाईंना गेला होता. बदल्यात दोन सुट्ट्या, असं ठरवून त्या आल्या. बायकोने अस्तराच्या निळ्या कापडाची रुंद पट्टी प्रत्येक पडद्याच्या खाली जोडायची ठरवली. ती एकट्या उजव्या हाताने खडूच्या खुणा करत गेली आणि बाई शिवत गेल्या. दोघी फार बोलल्या नाहीत. बाई तिला ताई म्हणतात, हे आजच कळलं. मी इस्त्री मागितली तर दोघींनी एकदम नको म्हटलं. फिरती खुर्ची बाहेर रस्त्यावर ठेवली होती, तिच्यावर बसून देखरेख केली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उद्घाटन पार पडलं. मेट्रनबाई निळ्या पट्टीवरून हात फिरवून म्हणाल्या, छान उठाव आलाय. म्हटलं, डिझाइन पहिल्यापासून तसंच होतं. ‘सगळं टीमचं श्रेय’ म्हणायचं राहून गेलं.

दुकान वाचलं! संकट येतं तेव्हाच नेतृत्वाचा कस लागतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बायको दुकानात आली. वाटलं, अभिनंदन करायला. तिने ‘आस्थापनेचे नियम’ मागून घेतले आणि उभ्याने सगळे वाचले. मग शांतपणे म्हणाली,

“बाईंना तुम्ही पहिल्याच म्हणालात. मग इतकी वर्षं मी कोण होते?”

म्हटलं, तू घरची. तुझं कसं वेगळं.

“घरची असेन तर दुकानात माझं काय काम, मी घरी बसते. स्टाफ असेन तर माझ्या सगळ्या सुट्ट्या जमा आहेत, त्या आता घेते. काय ते तुम्हीच सांगा.”

कॉलरबाई मशीन थांबवून बघत होत्या. औषधवालाही दारात आला होता. मी नियमांचा कागद पुन्हा वाचला. ‘न घेतलेली सुट्टी जमा होत जाईल.’ पळवाट कुठेच नाही, फार पक्कं लिहिलंय. इतक्या वर्षांच्या सुट्ट्यांचा मनात अंदाज बांधला आणि घाम फुटला.

संध्याकाळच्या बसने ती बहिणीकडे गेली. बॅग मी उचलून दिली. जड नव्हती.

२७ फेब्रुवारी

घर शांत आहे. नियोजनाला उत्तम. दुकान वाढवायचा आराखडा काढायला बसलो होतो, पण घरात पेन कुठे असतं ते माहीत नव्हतं. हे दुकानात लिहितोय.

संकल्प : १. रोज जेवण स्वतः करणे. २. तिला फोन न करणे. येईल आपणहून.

१ मार्च, शनिवार

संकल्प १ ब्रेडवर चालू आहे.

गिऱ्हाइकं येतात, ताई नाहीत म्हटलं की कापड काखेत मारून परत जातात. पिवळ्या कापडाची बाई ते परत घेऊन गेली. आज कॉलरबाईंनी सरळच सांगितलं. मी चिठ्ठीप्रमाणे शिवते, पण चिठ्ठीत चूक असेल तर ती ओळखणारं इथे कोणी नाही. ताई येणार नसतील तर मी दुसरीकडे बघते.

पहिला स्टाफ जाणार. मी त्यांना म्हटलं, थांबा, ताई येतील. कधी? मी भिंतीवरचं कॅलेंडर चाळायला लागलो.

घरी गेलो तर कुलूप उघडावंसं वाटेना. पायरीवर बसलो. शेजारच्यांनी विचारलं, किल्ली हरवली का? म्हटलं, हो.

४ मार्च, मंगळवार, संध्याकाळी सात

फोन करायचा ठरवला. मुळीच गयावया करायची नाही. आणि कामाचं एक अक्षर काढायचं नाही.

मेहुणीने उचलला आणि बायकोला दिला. बायको म्हणाली, कामाचं असेल तर सुट्टी संपल्यावर. म्हटलं, छे, कामाचं नाहीच मुळी. ती म्हणाली, मग बोला.

बोला म्हणाल्यावर मी तोंड उघडलं. मनात जे जे आलं ते सगळं दुकानाचं. कड्या संपल्यात. मशीन दोरा तोडतंय. बाई जायचं म्हणतायत. यातलं काही बोलायचं नव्हतं, आणि त्याशिवाय दुसरं काही सापडेना. इतकी वर्षं आम्ही रोज बोलत होतो, मग ते काय बोलत होतो? ती वाट बघत होती. तिच्याकडे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला एकदम भीती वाटली. दुकान जाईल याची नाही. ती आता फोन ठेवेल, याची.

तेवढ्यात सुचलं. सुटलो, असं वाटलं. विचारलं, खांदा कसा आहे?

ती भांड्यांच्या आवाजापासून लांब गेली. मग म्हणाली, कुठला?

आता हा काय प्रश्न झाला? पण डोकं शाबूत होतं. मशीनचं चाक उजव्या हाताला असतं, कात्री उजव्या हातात असते, म्हणजे खांदा दुसरा कुठला असणार? अजिबात न अडखळता सांगितलं, उजवा.

उजवा उत्तम आहे, म्हणाली.